अमेरिकेच्या अध्यक्षीय प्रचारावर डाव्या बाजूने भाष्य कसे लिहावे

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा प्रचार दीड-दोन वर्षे चालतो आणि त्यावर लिहिण्याजोगे काही ना काही रोज घडत असते. त्यामुळे विषय शोधत बसावे लागत नाही. मात्र रोजच्या घडामोडींमागे धावता धावता लेखकाचे स्वतःचे प्रश्न हातून निसटतात, आणि डाव्या विचारांच्या लेखकाच्या बाबतीत हे फार लवकर होते. ट्रम्प काल काय बरळले, बायडेन कुठे अडखळले, कमला हॅरिस कशा हसल्या, यांवरचे लेख झटपट लिहून होतात, पण ते कोणत्याही मताच्या माणसाने थोड्याफार फरकाने तसेच लिहिले असते. डाव्या भाष्याची कसोटी निराळी आहे. या प्रचारातून कोणाच्या पदरात काय पडणार, कोणाचे बळ वाढणार आणि ते कोणत्या कायद्याच्या आधारे होणार, हे तीन प्रश्न त्याने विचारायचे असतात. ते हाताशी धरून लेख कसा उभा करावा, याविषयी येथे लिहिले आहे.

आपली बाजू पहिल्या एक-दोन परिच्छेदांतच उघड करावी. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. डावी बाजू म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची बाजू, असे मात्र गृहीत धरू नये. समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांनी १९२० ची निवडणूक अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांहून अधिक मते मिळवली. ती परंपरा दोन्ही मोठ्या पक्षांच्या बाहेरची होती. जेसी जॅक्सन यांनी १९८४ आणि १९८८ मध्ये, तर बर्नी सँडर्स यांनी २०१६ आणि २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, उतरून आतून रेटा लावला. या दोन वाटांपैकी आपण कोणत्या वाटेने विचार करतो, डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत देऊन नंतर त्याच्याशी भांडावे असे आपल्याला वाटते की ते मतच देऊ नये असे वाटते, हे वाचकाला कळले पाहिजे. तळ्यात-मळ्यात करणारा लेख शेवटी दोन्हीकडच्या वाचकांना निरुपयोगी ठरतो.

एक आश्वासन घेऊन ते उसवून पाहावे

लेखाचा पाया एखाद्या ठोस आश्वासनावर घालावा. २०२४ मधले एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. जून महिन्यात लास व्हेगासच्या सभेत ट्रम्प यांनी जाहीर केले की कामगारांना मिळणाऱ्या टिपवर कर लावला जाणार नाही. ऑगस्टमध्ये त्याच शहरात डेमोक्रॅटिक उमेदवार हॅरिस यांनी तेच आश्वासन दिले आणि त्याला किमान वेतन वाढवण्याची जोड दिली. पुढचे काही दिवस चर्चा रंगली ती कोणी कोणाची कल्पना चोरली यावर. डाव्या लेखकाने या वादात शिरण्याऐवजी टिप म्हणजे नेमके काय, येथून सुरुवात करायला हवी होती.

अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यानुसार टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला केवळ २.१३ डॉलर रोख दिले तरी चालते, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. टिप धरूनही रक्कम सर्वसाधारण किमान वेतनाइतकी होत नसेल तर उरलेला फरक मालकाने भरायचा असतो. ते किमान वेतनही जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडकलेले आहे. म्हणजे ज्याला आपण ग्राहकाची मेहेरबानी समजतो, तो बऱ्याच राज्यांत पगाराचाच मोठा हिस्सा असतो आणि तो देण्यापासून मालकाला कायद्याने सूट मिळालेली असते. टिपवरचा कर माफ केला की सरकार आपल्या महसुलावर पाणी सोडते, पण मालकाला एक सेंटही जास्त द्यावा लागत नाही. त्यातही ज्या वेटरची कमाई इतकी तुटपुंजी आहे की त्याला मुळात आयकरच लागत नाही, त्याच्या हाती या सवलतीतून काही येत नाही. आणि त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात तेवढ्याच पैशांत भांडी घासणाऱ्याला टिप मिळत नसल्यामुळे तो तर या हिशेबातच नाही.

मग हे आश्वासन लास व्हेगासमध्येच का दिले गेले? नेवाडा राज्याकडे इलेक्टोरल कॉलेजची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींची, सहा मते आहेत, आणि तेथील हॉटेल व कॅसिनो कामगारांची कलिनरी युनियन ही सुमारे ६० हजार सदस्यांची संघटना अनेक वर्षे डेमोक्रॅटिक पक्षाचा कणा राहिली आहे. शिवाय नेवाडाच्या कायद्यात टिपवाल्यांसाठी वेगळे, खालचे वेतन नाही. मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते आणि टिप त्यावर मिळते. त्यामुळे करमाफीचे आकर्षण जिथे जास्तीत जास्त होते, नेमके तेच ठिकाण निवडले गेले. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनी नेवाडा जिंकले. २००४ नंतर एखाद्या रिपब्लिकन उमेदवाराने ते राज्य जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. हा विजय एकट्या टिपमुळे झाला, असे कोणी लिहू नये. मात्र एका उमेदवाराने कामगाराच्या पाकिटाबद्दल एका वाक्यात समजेल असे काही सांगितले आणि २.१३ डॉलरचा मुद्दा तितक्या सोप्या शब्दांत कोणीच मांडला नाही, हे डाव्या लेखकाने मान्य करायला हवे.

हे टिपण मतदानानंतर फेकून देऊ नये. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्यात टिपची सवलत आली, पण ती वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या वजावटीची, २०२५ ते २०२८ एवढ्याच काळासाठीची आहे. सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्य विमा) यांसाठी पगारातून होणारी कपात तशीच राहिली. त्याच कायद्याने गरिबांच्या मेडिकेड या आरोग्य योजनेच्या खर्चाला मोठी कात्री लावली. आश्वासनाच्या दिवशीचा लेख आणि कायद्याच्या दिवशीचा लेख एकमेकांशेजारी ठेवता आले, तर वाचकाला खरा हिशेब दिसतो.

ते करणे कोणाच्या हातात आहे

राष्ट्राध्यक्ष अनेक गोष्टी बोलतो. त्यांतल्या मोजक्याच त्याच्या हातात असतात. म्हणून प्रत्येक आश्वासनापुढे सिनेट, प्रतिनिधिगृह (संसदेची ही दोन सभागृहे), सर्वोच्च न्यायालय की नुसता अध्यक्षीय आदेश, अशी नोंद करून ठेवावी. मार्च २०२१ मध्ये किमान वेतन १५ डॉलर करण्याची सँडर्स यांची दुरुस्ती सिनेटमध्ये ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडली, आणि विरोधात मत देणाऱ्यांत डेमोक्रॅटिक गटातलेच आठ सिनेटर होते. बायडेन यांनी जाहीर केलेली विद्यार्थी कर्जमाफी ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. ही उदाहरणे माहीत असलेला लेखक पुढच्या वेळी ‘अमुक निवडून आले की तमुक होईल’ असे घाईने लिहिणार नाही, आणि न झालेल्या गोष्टीचे खापर चुकीच्या डोक्यावरही फोडणार नाही.

या संदर्भात बालक करसवलतीची हकीकत मला सर्वांत बोलकी वाटते. २०२१ मध्ये ही सवलत वाढवली गेली आणि जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट पालकांच्या खात्यात पैसे जमा झाले. सरकारी मदत धरून काढल्या जाणाऱ्या मोजमापानुसार त्या वर्षी बालदारिद्र्याचे प्रमाण ५.२ टक्क्यांवर आले. सिनेटमध्ये मुदतवाढीला पुरेशी मते मिळाली नाहीत, योजना संपली, आणि २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये महागाईचा दर ९.१ टक्के झाला होता. पुढे तो दर खाली आला, पण दर खाली येणे म्हणजे किमती खाली येणे नव्हे. किमती वाढतच होत्या, फक्त सावकाश. अशा परिस्थितीत अर्थव्यवस्था उत्तम चालली असल्याचे आकडे तोंडावर फेकून मतदारांना कळत कसे नाही, असे विचारणारे लेख २०२४ मध्ये बरेच निघाले. डाव्या लेखकाने तरी तो सूर लावू नये. ज्यांच्या खात्यात आलेले पैसे बंद झाले, त्यांना आपले काय गेले ते नीट कळत होते.

पैशाचा माग

२०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर कंपन्या आणि संघटना निवडणुकीवर स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करू शकतात, आणि त्यातूनच सुपर पॅक नावाच्या समित्या उभ्या राहिल्या. त्यांनी उमेदवाराशी संगनमत करायचे नाही, अशी कागदोपत्री अट आहे. उमेदवाराच्या स्वतःच्या समितीला मात्र व्यक्तीने किती द्यावे यावर मर्यादा आहे. २०२४ साठी ती प्रत्येक निवडणुकीमागे ३,३०० डॉलर होती आणि प्रायमरी व मुख्य निवडणूक वेगवेगळी धरली जात होती. एकूण २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचे नाव, व्यवसाय आणि नोकरीचे ठिकाण फेडरल इलेक्शन कमिशन या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या नोंदीत येते, आणि ही नोंद कोणालाही घरबसल्या फुकट पाहता येते.

येथे एक चूक फार होते. एखाद्या कंपनीच्या नावापुढे मोठी रक्कम दिसली की त्या कंपनीने उमेदवाराला पैसे दिले, असे लिहून टाकले जाते. प्रत्यक्षात १९०७ पासून कंपन्यांना संघराज्यीय उमेदवाराला थेट देणगी देण्यास मनाई आहे. दिसते ती तिथे काम करणाऱ्या माणसांनी आपल्या खिशातून दिलेल्या देणग्यांची बेरीज, आणि त्यात रुग्णालयातली परिचारिकाही असते आणि वरचा अधिकारीही. मोठे भांडवल कुठे बसले आहे ते पाहायचे असेल तर सुपर पॅककडे वळावे. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकन उमेदवारांसाठी २५ कोटी डॉलरहून अधिक ओतले. ही रक्कम लिहावी, ठळक लिहावी, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण हॅरिस यांच्या बाजूनेही तीन महिन्यांच्या आत १०० कोटी डॉलरहून जास्त निधी जमला होता आणि तरीही त्या हरल्या.

पैशाने निकाल विकत घेता येतोच असे नाही; पण कोणत्या गोष्टी बोलल्याच जाणार नाहीत, हे ठरवण्यात त्याचा हात असू शकतो. अतिश्रीमंतांच्या भांडवली (शेअर, मालमत्ता विकून होणाऱ्या) नफ्यावर ३९.६ टक्के कर असावा, असा बायडेन यांचा प्रस्ताव होता. सप्टेंबर २०२४ मध्ये हॅरिस यांनी तो २८ टक्क्यांवर आणला. देणगीदारांनी कान भरले म्हणूनच असे झाले, हे सिद्ध करता येत नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही ते ठामपणे लिहू नये. पण आधी काय होते, नंतर काय झाले, मधल्या काळात निधी कोणाकडून आला, हे ओळीने मांडले तर वाचक स्वतःचे मत बनवू शकतो. सूचक शब्दांची पेरणी करण्यापेक्षा हा मार्ग जास्त प्रामाणिक आहे आणि, खरे सांगायचे तर, जास्त बोचरा आहे.

नकाशा आणि तिसरा उमेदवार

इलेक्टोरल कॉलेजची ५३८ मते आणि विजयासाठी लागणारी २७० हे सर्वांना पाठ असते. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात पहिला येणारा त्या राज्याची सगळी मते घेऊन जातो, आणि त्यामुळे देशभरातल्या मताधिक्याला कायद्याने काही किंमत उरत नाही. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मते जास्त पडली, तरी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजार मतांनी सत्ता गेली. या व्यवस्थेवर टीका अवश्य करावी, मात्र ती पराभवानंतरच आठवू नये.

डाव्या वाचकांत सर्वांत कडवट वाद होतो तो तिसऱ्या उमेदवाराला मत द्यावे की नाही यावर. त्यावर लिहिताना आधी राज्याचे नाव लिहावे आणि मग मत मांडावे, कारण कॅलिफोर्नियातले असे मत आणि मिशिगनमधले असे मत यांचा परिणाम सारखा नसतो. २००० साली फ्लोरिडात रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि ग्रीन या पर्यावरणवादी पक्षाचे राल्फ नेडर यांना तेथे ९७ हजारांहून अधिक मते पडली होती. नेडर नसते तर डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर जिंकले असते हा अंदाज तेथे पटण्याजोगा आहे. २०१६ मध्ये मिशिगनमधील फरक १०,७०४ मतांचा होता आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१ हजारांहून अधिक मते होती, म्हणून तेच गणित तेथे लावले जाते. पण त्याच राज्यात सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानणाऱ्या लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन यांना त्याच्या तिपटीहून जास्त मते पडली होती, आणि त्यांतली किती ट्रम्प यांच्याकडे वळली असती याचा विचार हे गणित मांडणारे करत नाहीत. एका बाजूची वजाबाकी केली तर दुसऱ्या बाजूचीही करावी लागते.

‘कामगार वर्ग’ म्हणजे कोण

जनमत चाचण्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, हजार माणसांच्या चाचणीत प्रत्येक उमेदवाराच्या आकड्यात सुमारे तीन टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात, आणि दोघांमधल्या अंतरात त्याहून बरेच जास्त. एका टक्क्याच्या आघाडीवर अख्खा लेख रचू नये.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न व्याख्येचा आहे. अमेरिकी माध्यमांत कामगार वर्ग म्हणजे महाविद्यालयीन पदवी नसलेले लोक, असे बहुधा मानले जाते. या मापाने चार ट्रक आणि दहा नोकर बाळगणारा, पदवी नसलेला कंत्राटदार कामगार ठरतो आणि तासिका तत्त्वावर शिकवणारी, महिनाअखेरीस भाड्याची जुळवाजुळव करणारी पदवीधर शिक्षिका कामगार ठरत नाही. डाव्या लेखकाने ही व्याख्या जशीच्या तशी उचलणे म्हणजे आपले मुख्य हत्यार स्वतःहून खाली ठेवणे होय. पदवीचा आकडा देत असाल तर त्याच्याबरोबर उत्पन्नाचा आणि युनियन सदस्यत्वाचाही द्यावा. तो दिल्यावर चित्र सुखावह होईलच असे नाही. २०२४ च्या एक्झिट पोलनुसार वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त उत्पन्न असलेल्या मतदारांत हॅरिस पुढे होत्या, आणि ५० हजारांच्या खालच्या गटात ट्रम्प यांना किंचित आघाडी होती. निकालानंतर लगेचच सँडर्स यांनी म्हटले की ज्या पक्षाने कामगारांची साथ सोडली, त्याची साथ कामगारांनी सोडली यात नवल नाही. हे वाक्य डाव्या लेखांत आता इतके वापरले जाते की त्याच्या पुढचे काम राहूनच जाते.

पुढचे काम म्हणजे राज्यांतल्या सार्वमताचे निकाल पाहणे. २०२० मध्ये फ्लोरिडात ट्रम्प जिंकले, आणि त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन १५ डॉलरवर नेण्याचा प्रस्ताव सुमारे ६१ टक्के मतांनी मंजूर झाला. २०२४ मध्ये मिझुरी राज्याने ट्रम्प यांना सुमारे ५८ टक्के मते दिली, आणि तितक्याच मोठ्या बहुमताने किमान वेतनवाढ व पगारी आजारपणाची रजा यांनाही पसंती दिली. गर्भपाताचा हक्कही त्याच दिवशी राज्यघटनेत घातला गेला. लोक डाव्या धोरणांना नाकारतात, असे सरसकट लिहिणाऱ्याने हे आकडे पाहिलेले नसतात. लोक मनातून डावेच आहेत, असे लिहिणाऱ्यालाही ते पुरत नाहीत, कारण मिझुरीच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये रजेची तरतूद रद्द करून टाकली, आणि ते विधिमंडळही त्याच मतदारांनी निवडून दिले होते. माझ्या मते अमेरिकी डाव्यांपुढची खरी अडचण या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि चांगला लेख तिथेच जाऊन उभा राहतो.

आपल्या माणसांना सूट देऊ नये

रिपब्लिकन उमेदवाराची धोरणे चुकीची आहेत हे डाव्या वाचकाला आधीच ठाऊक असते. त्याला माहीत नसते ते आपल्या बाजूचे दुखणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत एक लाखाहून अधिक मतदारांनी गाझातील युद्धाच्या निषेधार्थ बायडेन यांच्याऐवजी ‘कोणासही बांधील नाही’ या पर्यायाला मत दिले. ऑगस्टमध्ये शिकागोच्या पक्ष अधिवेशनात एका पॅलेस्टिनी-अमेरिकी वक्त्याला व्यासपीठावर थोडा वेळ द्यावा, ही मागणीही मान्य झाली नाही. नोव्हेंबरमध्ये मिशिगनमधल्या अरब-अमेरिकी वस्तीच्या डिअरबॉर्न शहरात ट्रम्प पहिले आले. हा क्रम जसा घडला तसा लिहावा. मतदारांना कृतघ्न ठरवू नये, आणि एका शहराच्या जोरावर अख्खा देश गाझामुळे गेला असाही दावा करू नये.

मतदानाच्या हक्काचा विषय बहुधा मतदानाच्या आठवड्यातच आठवतो. तो आधीच हाती घ्यावा. २०१३ च्या शेल्बी काउंटी निकालाने १९६५ च्या मतदान हक्क कायद्यातील पूर्वमंजुरीची व्यवस्था (काही राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घेणे) निकामी केली, आणि टेक्ससने त्याच दिवशी आपला ओळखपत्राचा कायदा अमलात आणण्याची घोषणा केली. त्या कायद्यानुसार पिस्तूल बाळगण्याचा परवाना ओळखपत्र म्हणून चालतो, विद्यापीठाचे विद्यार्थी कार्ड चालत नाही. या एका वाक्यापुढे आणखी विशेषणे लावण्याची गरज नसते.

निकालाच्या रात्री लिहायचे असेल तर हात आखडता घ्यावा. पेनसिल्व्हेनियात टपाली मतपत्रिका मतदानाच्या दिवसापूर्वी उघडता येत नाहीत, त्यामुळे २०२० मध्ये तेथे आधी ट्रम्प पुढे दिसले आणि मोजणी सरकली तसे बायडेन पुढे गेले. कॅलिफोर्नियाची मोजणी तर कित्येक आठवडे चालते. २०२४ मध्ये पहिल्या काही दिवसांत ट्रम्प यांचा वाटा निम्म्याहून वर दिसत होता आणि त्यावरून देश उजवीकडे कलंडल्याचे लेख लिहून झाले होते. अंतिम मोजणीत तो ४९.८ टक्के भरला आणि हॅरिस यांचा ४८.३ टक्के. पराभव तो पराभवच होता, ट्रम्प यांनी इलेक्टोरल कॉलेज ३१२ विरुद्ध २२६ असे जिंकले होते. पण मोजणी पूर्ण होईपर्यंत त्याच्या कारणांवर लिहायचे थांबलेल्या लेखकाला दीड टक्क्याच्या पराभवाबद्दल लिहिता आले, आणि घाई केलेल्याला डिसेंबरमध्ये आपलाच लेख दुरुस्त करावा लागला.